विमानात आग्रह होत नाही

प्रश्न थोडक्यात असा: "बाबा ७४ वर्षांचे, आई ६८ची. दोघं कराडला असतात. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदाच बहिणीकडे न्यू जर्सीला निघालेत, मुंबईहून आखातात विमान बदलून. आईला मधुमेह, बाबांचे गुडघे दुखतात, दोघांचं इंग्रजी बेताचं. एकाच एअरलाइनबद्दल कुणी लिहितं 'राजेशाही थाट', कुणी लिहितं 'पाणीसुद्धा विचारलं नाही'. खरं कुणाचं मानायचं? आणि दोघांना त्रास होऊ नये म्हणून आम्ही काय करायचं?"

दोन्ही खरं माना. मी सव्वीस वर्षं केबिन क्रूमध्ये होते, त्यातली शेवटची अकरा केबिन इन्चार्ज म्हणून, आणि आता नव्या मुलामुलींना शिकवते. एकाच विमानातून, एकाच रात्री, डाव्या आइलमधले (आइल म्हणजे खुर्च्यांमधली चालायची वाट) लोक हात जोडून उतरलेले आणि उजव्या आइलमधले धुमसत उतरलेले मी पाहिलेत. एअरलाइन तीच, जेवण तेच. म्हणून 'कोणती एअरलाइन चांगली' याच्याआधी मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे.

लंडनच्या एका फ्लाइटला सातारा भागातल्या एक काकू होत्या. एकट्याच, मुलाकडे निघालेल्या. जेवणाची ट्रॉली आली तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं. चहाला नको, दुसऱ्या खाण्यालाही नको. सातेक तास झाल्यावर मी फेरी मारत होते, तेव्हा त्या पिशवीतला लाडू रुमालाआड मोडून खाताना दिसल्या. मी शेजारी उकिडवी बसले आणि मराठीत विचारलं, "काकू, जेवण आवडलं नाही का?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हळूच म्हणाल्या, "किती पैसे होतात गं?" त्याआधीचा त्यांचा एकमेव विमानप्रवास पुण्याहून दिल्लीचा, स्वस्तातल्या एअरलाइनचा. तिथे चहालाही पैसे मोजलेले. आणि पुढे जे बोलल्या ते मी आजही प्रत्येक नव्या बॅचला सांगते: "तसं तिनं विचारलं होतं, पण एकदाच. मला वाटलं परत विचारेल."

आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदाही म्हणतो, मग यजमान आग्रह करतो आणि ताटात पडतं. वाढण्याची आपली रीतच ती. विमानात पहिलं 'नको' हेच शेवटचं. ट्रॉली पुढे जाते. ती मुलगी कामात चोख होती, तिचं काहीही चुकलं नव्हतं. पण काकूंनी घरी जाऊन 'धड विचारलंसुद्धा नाही' असं सांगितलं असतं तर तेही खोटं नव्हतं. तुम्ही वाचलेल्या त्या दोन टोकांच्या अनुभवांमध्ये अशा कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात. तेव्हा निघण्याआधी आई-बाबांना समोर बसवून हे सांगा: जेवण, नाश्ता, चहा, पाणी, पांघरूण, सगळं तिकिटात आलेलं आहे. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणायचं. भूक नसेल तरी ताट घ्यायचं, नंतर खाता येतं. आणि आणखी हवं असेल तर मागायचं. मागण्यात कमीपणा नाही.

आता क्रूच्या बाजूने चित्र कसं असतं तेही सांगते, म्हणजे केव्हा मागावं हे कळेल. नियमाप्रमाणे साधारण दर पन्नास आसनांमागे एक क्रू लागतो. लांबच्या विमानात त्याहून थोडे जास्त असतात, पण त्यातले बरेच पुढच्या महागड्या वर्गात. मागे तीनशे माणसं आणि सात-आठ क्रू, हे अगदी नेहमीचं गणित. विमान वर गेल्यावर पहिले दोन तास आम्ही अक्षरशः धावत असतो. ओव्हनमध्ये ताटं गरम करायची, ट्रॉली भरायची, वाढायचं, गोळा करायचं. त्या वेळात कुणी बेल वाजवून तिसरी उशी मागितली तर हो म्हणून विसरायला होतं. हे चुकीचंच, पण होतं. तीच उशी विमानात चढताना दारातल्या माणसाकडे मागा, किंवा ताटं गोळा झाल्यावर मागा, हमखास मिळते. दिवे मंद झाले की क्रूची निम्मी मंडळी आळीपाळीने झोपायला जातात. उरलेली गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतात. तो वेळ सगळ्यात चांगला. बाबांना पाय मोकळे करायचे असतील तर तेव्हा त्यांनी गॅलीपर्यंत चालत जावं आणि पाणी मागावं. माणूस समोर येऊन उभा राहिला की कामाला चेहरा येतो, आणि पुढे क्रू त्यांना आपणहून विचारायला लागतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

बेलचंही सांगून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना वाटतं ती फक्त संकटात दाबायची. तसं नाही. बटणावर माणसाचं छोटं चित्र असतं, शेजारी दिव्याचं बटण असतं, दोन्हींत गल्लत होते. फक्त विमान उडताना आणि उतरताना ती दाबू नये, कारण तेव्हा वाजलेली बेल आम्ही आजारपण किंवा धोका म्हणूनच धरतो.

एअरलाइन निवडण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: या वयात नावापेक्षा विमान, आसन आणि मधल्या थांब्याची वेळ बघा. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. बोइंग ७७७ मध्ये इकॉनॉमीत बहुतेक एअरलाइन्स आता एका ओळीत दहा आसनं बसवतात, तीन-चार-तीन. खुर्ची साधारण सतरा इंच रुंद. एअरबस ए३५० मध्ये बहुतेक ठिकाणी नऊ, आणि खुर्ची अठरा इंचांच्या आसपास. एक इंच ऐकायला किरकोळ वाटतो, चौदाव्या तासाला वाटत नाही. ए३३० मध्ये दोन-चार-दोन अशी मांडणी असते. जोडप्यासाठी खिडकीकडची ती दोनची जोडी फार सोयीची, कारण उठताना तिसऱ्या कुणाला उठवावं लागत नाही.

हवेचाही फरक पडतो. विमानात दाब जमिनीइतका नसतो. जुन्या पिढीच्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवर असावा तितपत उतरू शकतो. ए३५० आणि बोइंग ७८७ मध्ये सहा हजार फुटांच्या आसपास राखतात. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे चौदा तास कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर बसून काढायचे. थकवा येतो, डोकं जड होतं, पोटातला वायू पाव भागाहून जास्त फुगतो. म्हणून निघायच्या दिवशी छोले, राजमा, वाटाण्याची उसळ नको. बाबांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तुम्ही लिहिलेलं नाही, पण असेल तर डॉक्टरांना 'विमानाने जायचंय, एवढ्या तासांचं' असं स्पष्ट विचारा आणि तसं पत्र घ्या. हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. ओठ, डोळे, नाक कोरडं पडतं. थोडं खोबरेल तेल छोट्या डबीत, शंभर मिलिलीटरच्या आत, जवळ असू द्या.

आसन आधीच पैसे भरून निवडा. इथे काटकसर करू नका. बाबांना आइलची जागा हवी. आणि कोणता गुडघा जास्त दुखतो ते विचारा: उजवा असेल तर आइल उजव्या हाताला येईल अशी जागा, डावा असेल तर उलट, म्हणजे पाय बाहेर लांब करता येतो. ट्रॉली येताना आत घ्यायचा एवढंच. संकटकालीन दाराजवळची ऐसपैस ओळ त्यांना देणार नाहीत, कारण वेळ आली तर तिथल्या माणसाला दार उघडावं लागतं. भिंतीसमोरची पहिली ओळ लोक मागून घेतात, पण तिथे हाताचे दांडे उचलता येत नाहीत, पर्स-पिशवी पायाशी ठेवता येत नाही आणि शेजारी पाळण्यातलं बाळ यायची शक्यता मोठी. टॉयलेटपासून चार-पाच ओळी दूर, पण चालत जाता येईल इतक्या जवळ, हे मला सगळ्यात चांगलं वाटतं. अगदी शेवटच्या ओळी टाळा. तिथे हादरे जास्त बसतात आणि पाठ पूर्ण मागे जाईलच असं नाही.

जेवण. इथे जरा सविस्तर सांगते, कारण मराठी घरांतून इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. तिकीट काढताना 'व्हेजिटेरियन' दिसलं की लोक पहिलं नाव निवडतात, आणि ते बहुधा 'व्हीजीएमएल' असतं. त्यात दूध-दही-तूप काही नसतं, आणि बऱ्याचदा ते पाश्चात्त्य पद्धतीचं, उकडलेल्या भाज्यांचं असतं. आई ते एक घास खाऊन बाजूला सारतील. आपल्याला हवं ते 'एव्हीएमएल', आशियाई पद्धतीचं शाकाहारी. त्यात भात, डाळ किंवा पनीर, मसाल्याची भाजी असं येतं. जैन हवं तर 'व्हीजेएमएल'. मधुमेहींसाठीचं 'डीबीएमएल' असतं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही, आणि फार बेचव असतं. माझा सल्ला, आईंच्या डॉक्टरांना विचारून, दोघांसाठीही एव्हीएमएल घ्या आणि आईंनी त्यातलं गोड बाजूला ठेवावं. दोघांसाठी सारखंच का, तर खास सांगितलेली ताटं ट्रॉलीच्या आधी वाटली जातात. एकाचं खास आणि एकाचं साधं असलं की आई जेवून बसतात आणि बाबांचं ताट चाळीस मिनिटांनी येतं. नोव्हेंबरात कार्तिकी एकादशी प्रवासाच्या दिवशी येत असेल तर फळांचं ताटही आधी सांगता येतं, त्याचं नाव 'एफपीएमएल'. साबुदाण्याची खिचडी मात्र घरून न्यावी लागेल.

हे सगळं निदान २४ तास आधी, आणि सुरक्षित म्हणून ४८ तास आधी, बुकिंगमध्ये नोंदवा आणि दोन्ही टप्प्यांसाठी नोंदलंय का ते तपासा. बऱ्याचदा मुंबई-आखात नोंद असते आणि पुढच्या चौदा तासांची नसते. ताटाला आसनाचा क्रमांक चिकटवलेला असतो. म्हणून जागा बदलली तर क्रूला सांगायचं, नाहीतर ताट रिकाम्या खुर्चीकडे जातं. अन्न जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजतं, वेगाने थंड करून विमानात चढतं आणि आम्ही फक्त गरम करतो. मोजून चढवलेलं असतं. म्हणूनच मागच्या ओळींना 'व्हेज संपलं' असं ऐकावं लागतं. माझ्यासाठी तो कायम लाजिरवाणा क्षण होता, आणि आधी नोंद केलेल्या माणसाला तो कधी बघावा लागत नाही. जेवण अळणी लागेल, कारण त्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात खारट-गोड चव कमी कळते. मेतकुटाची किंवा शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीची छोटी पुडी भाताला जीव आणते.

आईंच्या मधुमेहाबद्दल. गोळ्या, इन्सुलिन, सुया, मीटर, सगळं हातातल्या पिशवीत. चेक-इन बॅगेत इन्सुलिन कधीच नाही: बॅग हरवू शकते आणि खाली ते गोठू शकतं. क्रूकडे फ्रिजमध्ये ठेवायला द्यायची सवय नको, थंड राहणारा पाउच घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, भारत आणि न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीनंतर साडेदहा तासांचा फरक असतो. औषध कोणत्या घड्याळाने घ्यायचं हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि चढताना इन्चार्जला एवढं सांगायचं: डायबेटिक. आम्ही ते लक्षात ठेवतो. १९३० मध्ये ज्या एलेन चर्चपासून हवाई सेविकेचं काम सुरू झालं ती शिकलेली परिचारिका होती, आणि आजही आमच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग प्रथमोपचार आणि विमान रिकामं करणं हाच असतो, वाढणं नव्हे. साखर उतरली आणि आम्हाला आधीच माहीत असलं तर अर्ध्या मिनिटात ज्यूस हातात येतो.

आता ज्या विषयावर कुणी बोलत नाही, तो. टॉयलेट. माझ्या अनुभवात वयस्कर भारतीय प्रवाशांच्या हालांचं हे सर्वांत मोठं कारण आहे, जेवण नव्हे. दार कसं उघडतं कळत नाही, विचारायची लाज वाटते, म्हणून पाणी पीत नाहीत, म्हणून डोकं दुखतं, पायात गोळे येतात, आणि उतरताना चक्कर येते. हे इतक्यांदा पाहिलंय की मला आता राग येतो, त्यांचा नव्हे, आपला सगळ्यांचा. मुलं तिकीट काढतात, शॉपिंग करतात, पण आईला हे सांगायला कुणी बसत नाही. तुम्ही बसा. दार बहुतेक वेळा मधोमध ढकललं की आत दुमडतं. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा पूर्ण लागतो, म्हणून आधी अंधार वाटला तरी घाबरायचं नाही. फ्लशचा आवाज फार मोठा, धडकी भरेल असा येतो, पण ते हवेने खेचण्याचं यंत्र आहे, काही बिघडलेलं नसतं. आधी उठून उभं राहायचं, झाकण लावायचं, मग बटण दाबायचं. पाण्याचा फवारा बऱ्याच विमानांत नसतो. एक छोटी रिकामी बाटली पर्समध्ये ठेवा, आतल्या नळावर भरता येते. टॉयलेटला मोजे घालून जायचं नाही, जमिनीवर ओल असते. पायात सहज अडकवता येईल अशी चप्पल जवळ असू द्या. धरायला दांडा असतो तो बाबांना आधी दाखवून ठेवायला क्रूला सांगा. मोठ्या विमानात एखादं टॉयलेट इतरांपेक्षा ऐसपैस असतं, ते कुठे हेही विचारा. जेवण झाल्या झाल्या रांग लागते. ट्रॉली यायच्या आधी जाऊन यावं.

पाणी भरपूर प्यायचं. सुरक्षातपासणीनंतर भरायला रिकामी बाटली न्या आणि क्रूकडून पुन्हा भरून घ्या. ग्लासभर पाणी दर वेळी मागण्यापेक्षा ते दोघांनाही सोपं. दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी, बसल्या बसल्या घोटे गोल फिरवणं, पोटऱ्या आवळून सोडणं. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. त्याच अभ्यासात प्रत्यक्ष प्रमाण सहा हजारांत एक असंही आहे, तेव्हा धास्ती नको, हालचाल हवी. घट्ट मोजे मधुमेहात सगळ्यांना चालत नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईंना ते घालायला देऊ नका. झोपताना शाल आधी आणि पट्टा वरून बांधायचा. हादरे सुरू झाले की आम्हाला प्रत्येकाचा पट्टा बघावा लागतो. तो दिसला तर झोपमोड करत नाही.

व्हीलचेअरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लागणार. ४८ तास आधी नोंदवा. तीन प्रकार असतात: चालता येतं पण लांबचं अंतर नाही, जिने चढता येत नाहीत, आणि आसनापर्यंतही उचलून न्यावं लागतं. बाबांना गुडघ्यांमुळे मधला प्रकार सांगा, म्हणजे विमान लांब उभं असलं आणि शिडी असली तर वर नेणारी गाडी येईल. आई चालू शकत असतील तर त्यांच्यासाठी खुर्ची मागू नका. अमेरिकेच्या फ्लाइटला केवळ इंग्रजी येत नाही म्हणून डझनावारी खुर्च्या नोंदवलेल्या असतात, आणि मग ज्याला खरोखर उभं राहवत नाही तो दारात ताटकळतो. मी अशा लोकांजवळ थांबलेय, फार वाईट वाटतं. भाषेची अडचण असेल तर कित्येक एअरलाइन्सकडे 'मीट अँड असिस्ट' म्हणून वेगळी सोय असते, विमानतळावर सोबत करणारा माणूस मिळतो. शिवाय बाबांची खुर्ची ढकलणारा माणूस आईंना बरोबर घेऊन जातोच. न्यूयॉर्कला त्या मदतनिसाला चार-पाच डॉलर देण्याची रीत आहे, सुटे डॉलर आईंच्या पर्समध्ये असू द्या.

एक कागद करा, इंग्रजीत, ठळक अक्षरात, दोघांच्या खिशात एकेक. नाव, दोन्ही फ्लाइटचे क्रमांक, मुलीचं नाव-पत्ता-फोन, आजार आणि औषधं, 'मराठी आणि हिंदी बोलतात', आणि एव्हीएमएल सांगितलेलं आहे हे. चढल्यावर तो क्रूला दाखवायचा. मी इन्चार्ज असताना असा कागद हातात आला की त्या आसनाचा क्रमांक सगळ्या टीमला सांगितला जायचा, आणि हिंदी बोलणारं कुणी असेल तर तिकडची बाजू त्यांच्याकडे द्यायचो. चार वाक्यं पाठ करून घ्या: 'वॉटर प्लीज', 'टी, नो शुगर', 'हेल्प प्लीज', 'टॉयलेट?'. हसून म्हटली की पुरे.

सामानाबद्दल दोनच गोष्टी. पॉवर बँक चेक-इनमध्ये नाही, हातातच. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी चेक-इन बॅगेत टाकू नका, तेलामुळे ती पेट घेण्याजोगी धरतात आणि मुंबईला मध्यरात्री बॅग उघडायला लावतात. गोडा मसाला तयार करूनच द्या. ताजी फळं अमेरिकेत नेऊ नयेत, बाकी खाऊ तिथल्या तपासणीत प्रामाणिकपणे सांगावा.

विमान लेट झालं तर भारतातून निघणाऱ्या फ्लाइटला डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचे, नियम लागू आहेत: ठरावीक तासांनंतर खाणंपिणं, फारच लांबलं तर हॉटेल. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढचं विमान चुकल्यास दुसऱ्यावर बसवणं एअरलाइनचं काम. म्हणून स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं कधीही जोडू नका, निदान आई-बाबांसाठी नाही.

आणि काही बिनसलंच, खुर्ची मोडकी निघाली, कुणी उर्मटपणे बोललं, तर विमानातच इन्चार्जला सांगायला हवं. तुमचे आई-बाबा सांगणार नाहीत, मला माहीत आहे, म्हणून कागदाच्या मागे तेही लिहा. उतरल्यावर लिहिलेली तक्रार आम्ही वाचतो, पण तेव्हा जागा बदलून देता येत नाही. नंतर लिहायची झाली तर तारीख, फ्लाइट, आसन आणि नेमकं काय झालं ते लिहा. 'सर्व्हिस भिकार' अशा वाक्यावर कुणाला काही करता येत नाही. जे. आर. डी. टाटा स्वतःच्या एअर इंडियातून प्रवास करताना बारीकसारीक टिपत, आणि चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो ही तक्रारसुद्धा त्यांनी लेखी केलेली आहे. तशी नेमकी तक्रार कामाला येते. एअरलाइनकडून उत्तर आलं नाही तर तिचा तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी, आणि मग सरकारचं एअरसेवा पोर्टल. बॅग फुटली किंवा आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या काउंटरवर नोंद करून कागद घ्यायचाच. फुटल्याची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळाल्याची एकवीस दिवसांत करावी लागते.

एवढं सगळं करूनही एखादा चिडका क्रू वाट्याला येऊ शकतो. विश्रांती कमी झालेली, आधीच्या ओळीत कुणी अंगावर ओरडलेलं. मी ते माफ करा म्हणणार नाही, आमच्या पेशात ते बसत नाही. पण आई-बाबांना सांगा की दुसऱ्या आइलमधल्याला विचारावं.

कराडहून मुंबई विमानतळ तीनशे किलोमीटरच्या आसपास. आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. म्हणजे दुपारी निघून, घाटात अडकून, रात्री अकराला पोचून, तीन तास उभं राहून मग विमान. निम्मा थकवा तिथेच येतो आणि दोष एअरलाइनला जातो. आदल्या दिवशीच मुंबईत कुणाकडे तरी मुक्काम करू द्या, दुपारी झोपू द्या.

आता तिकीट बघून मला दोन गोष्टी कळवा: आखातात मधे किती वेळ आहे, आणि आई इन्सुलिन घेतात की फक्त गोळ्या. दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर व्हीलचेअर येईपर्यंतच त्यातला बराचसा जातो. तसं असेल तर आजच फोन करून आखातातून त्यानंतर सुटणारी फ्लाइट मागून घ्या, नोव्हेंबरला अजून वेळ आहे.